सर्व्हरची खरी किंमत : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

नागपुरात इतवारीतला ठोक व्यापारी असो, धंतोलीतले रुग्णालय असो की बुटीबोरीचा कारखाना, सर्व्हर घ्यायची वेळ आली की तीन विक्रेत्यांकडून कोटेशन मागवले जाते आणि सर्वांत कमी आकड्यावर बोट ठेवले जाते. कोटेशनवर यंत्राचा दर असतो, ऑपरेटिंग सिस्टिमच्या परवान्याचा दर असतो, वर १८ टक्के जीएसटी असतो. पुढच्या पाच वर्षांत त्या यंत्रापायी जो पैसा जाणार, त्यातला बराचसा या कागदावर येतच नाही. तो हुडकून काढणे, मोजणे आणि दोन पर्यायांना एकाच तराजूत तोलणे हे या अभ्यासाचे काम. वाणिज्य आणि संगणकशास्त्र या दोन्ही विद्याशाखांच्या विद्यार्थ्यांचे इथे मनापासून स्वागत आहे, कारण कोणत्याही एका शाखेला हे काम पेलणारे नाही.

या विचाराला नाव मिळाले १९८७ मध्ये. गार्टनर या संशोधन संस्थेत बिल किरविन यांनी संगणकाच्या खरेदीपासून तो मोडीत निघेपर्यंतचा सगळा खर्च एकत्र मांडायची पद्धत रूढ केली. टोटल कॉस्ट ऑफ ओनरशिप, म्हणजेच टीसीओ, ती हीच. पुढे विंडोज आणि लिनक्स यांच्या स्पर्धेत या पद्धतीला धार आली, तशीच तिची परीक्षाही झाली. २००२ मध्ये आयडीसी या संस्थेने मायक्रोसॉफ्टच्या पैशाने केलेल्या अभ्यासात पाच प्रकारच्या कामांपैकी चारांत विंडोज २००० स्वस्त ठरले. फक्त वेब सर्व्हरच्या कामात लिनक्सने बाजी मारली. हिशेबातला सर्वांत मोठा वाटा परवान्याचा नव्हता, यंत्रे सांभाळणाऱ्या माणसांचा होता. २००४ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने मायक्रोसॉफ्टची एक जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. त्या जाहिरातीत लिनक्स मोजले होते आयबीएमच्या महागड्या मेनफ्रेमवर आणि विंडोज साध्या इंटेल यंत्रांवर. म्हणून नव्या अभ्यासकाने पहिली सवय लावून घ्यावी ती ही, की निष्कर्षाच्या आधी गृहीतके वाचायची.

परवान्याचा हिशेबसुद्धा दिसतो तितका सरळ नाही. विंडोज सर्व्हर २०१६ पासून परवाना प्रोसेसरच्या कोअरवर मोजला जातो आणि एका सर्व्हरला किमान १६ कोअरचे पैसे भरावे लागतात. छोट्या दुकानाचे यंत्र ८ कोअरचे असले तरी स्टँडर्ड आवृत्तीचे बिल १६ चेच येते; शिवाय सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक माणसाचा किंवा उपकरणाचा परवाना निराळा. दुसऱ्या बाजूला सेंटओएस हे लिनक्स विनामूल्य होते. त्याची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाईल या भरवशावर अनेकांनी ती बसवली. डिसेंबर २०२० मध्ये धोरण बदलले आणि २०२१ अखेर ती आवृत्ती बंद झाली. परवान्यापोटी एक रुपयाही न दिलेल्यांना स्थलांतराची मेहनत मात्र चुकली नाही. पर्यायात शिरायला किती पैसे लागतात, तसेच त्यातून बाहेर पडायला किती लागतील, हेही खर्चाच्या पानावर आले पाहिजे.

नागपुरात या हिशेबाला उन्हाची जोड आहे. २३ मे २०१३ रोजी इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. सर्व्हरच्या खोलीसाठी १८ ते २७ अंश तापमानाची शिफारस असते. घरोघरी चालणारा वाळ्याचा कूलर इथे कामाचा नाही; त्याला खिडकी उघडी लागते आणि तो दमट हवा व धूळ दोन्ही आत आणतो. म्हणजे एसी आलाच. उदाहरण म्हणून ४०० वॉट खाणारा सर्व्हर घेऊ. वर्षाचे ८,७६० तास चालला तर ३,५०४ युनिट. एसीसाठी त्याच्या निम्मे धरले तर एकूण ५,२५६. युनिटला १० रुपये धरल्यास वर्षाला ५२,५६० रुपये, पाच वर्षांत २,६२,८०० रुपये. यूपीएसच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या उष्णतेत लवकर जातात, तो खर्च आणखी वेगळा. यंत्र तेच राहिले तर हे आकडे विंडोजला आणि लिनक्सला जवळपास सारखेच लागतात. त्यामुळे त्या दोघांच्या तुलनेत ते निकाल फिरवत नाहीत. पण यंत्र स्वतःचे ठेवावे की क्लाउडवर भाड्याने घ्यावे, किंवा तीन जुन्या यंत्रांचे काम एकावर आणावे का, हे प्रश्न आले की हेच आकडे निर्णायक ठरतात. प्रश्न बदलला की खतावणीही बदलते.

सर्वांत अवघड रकाना माणसांचा. शहरात व्हीएनआयटीसारखी १९६० पासूनची संस्था आहे, मिहानमध्ये मोठ्या आयटी कंपन्या आहेत. तरी शिकलेली मुले पुण्या-हैदराबादची वाट धरतात. एखाद्या कार्यालयाची सगळी व्यवस्था एकाच जाणकाराच्या डोक्यात असेल, तर तो नोकरी सोडतो त्या दिवशी लागणारा खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा? दिवाळीच्या आठवड्यात बिलिंग चार तास बंद पडले तर? बॅकअप रोज घेतला, पण तो परत उतरवून कधी पाहिलाच नाही, तर? त्यात सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी १८० दिवसांच्या नोंदी जपणे आणि सायबर घटना ६ तासांत कळवणे बंधनकारक केले आहे. साठवण लागते, माणसाचे तास लागतात आणि दोन्हींना पैसे पडतात.

सुरुवात ओळखीच्या एखाद्या कार्यालयापासून करावी. पाच वर्षांची वीजबिले, दुरुस्तीची बिले, वार्षिक देखभालीचे (एएमसी) करार आणि यंत्र बंद पडल्याच्या नोंदी मागून घ्याव्यात. जिथे अंदाज करावा लागेल तिथे कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन्ही आकडे द्यावेत. अभ्यासाचा खर्च कोणी केला, तेही लिहावे. परदेशी अहवालांतले पगार, वीजदर आणि हवामान आपले नाहीत. विदर्भातल्या व्यापाऱ्याला विदर्भातला हिशेब हवा आहे. गृहीतके उघड ठेवून केलेला असा एक छोटा हिशेबसुद्धा दुसऱ्याला तपासता येतो, सुधारता येतो, आणि पुढच्या खरेदीच्या वेळी कोटेशनशेजारी ठेवता येतो. तो करायला या.