रेडियम : एका नांवाची कुळकथा

गाड्यांच्या पाट्यांवर चमकते कागद चिकटवून देणाऱ्या दुकानास आपल्याकडे सर्रास 'रेडियमचें दुकान' म्हणतात. परवां अशाच एका दुकानदारास आम्हीं सहज विचारलें, "यांत रेडियम कोठें आहे?" तो हंसून म्हणाला, "साहेब, हेंच तें रेडियम!"

वस्तुतः त्या कागदांत रेडियमचा कणही नसतो. त्यावरील कांचेचे बारीक मणी दिव्याचा प्रकाश आल्या वाटेनें परत पाठवितात, इतकेंच. मग अंधारांतील चकाकी आणि रेडियम यांची सांगड प्रथम कोठें पडली? हें पाहूं गेलों, तों एक करुण इतिहास हातीं आला.

मेरी व पिएर क्यूरी यांनीं १८९८ सालीं पॅरिस येथें रेडियम शोधून काढलें. पुढें असें आढळलें कीं, झिंक सल्फाइडच्या पुडींत त्याचा अत्यल्प अंश मिसळला, म्हणजे त्याच्या किरणांच्या सततच्या माऱ्यानें ती पूड अंधारांत आपोआप प्रकाशते. पहिल्या महायुद्धांत (१९१४-१८) सैनिकांस रात्रीं वेळ कळावी, म्हणून या रंगाच्या घड्याळांस मोठी मागणी आली. अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांतील ऑरेंज गांवीं तबकड्या रंगविण्याच्या कामावर तरुण मुली लागल्या. आंकडे नाजूक यावेत म्हणून कुंचल्याचें टोंक ओठांत धरून निमुळतें करावें, अशी त्यांस शिकवण होती. दर खेपेस थोडा रंग पोटांत जाई. रेडियम हें गुणधर्मांनीं कॅल्शियमचें भावंड. म्हणून शरीर त्यास हाडांत सांठवून ठेवतें.

मुलींचे दांत पडूं लागले, जबडे कुजूं लागले. कित्येकींनीं प्राण गमाविले. १९२५ सालीं डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनीं या रोगाचें मूळ रेडियममध्यें असल्याचें दाखविलें. तरी मालक दोष पत्करीनात. १९२७ सालीं ग्रेस फ्रायर व तिच्या चार सोबतिणींनीं फिर्याद केली. पुढील वर्षीं तडजोड होऊन प्रत्येकीस १०,००० डॉलर रोख व सालिना ६०० डॉलर ठरले. त्याच १९२८ सालीं रंगाचा जनक सोचोकी हाही रेडियमच्याच बाधेनें वारला. ग्रेस १९३३ सालीं गेली. मनुष्यदेहास किती रेडियम सहन होईल, याची मर्यादा अमेरिकेंत १९४१ सालीं ठरली. ती ठरवितांना या मुलींच्या हाडांचीच साक्ष कामीं आली.

आतां घड्याळांतून रेडियम हद्दपार झालें आहे. १९९३ सालीं जपानांत तयार झालेलें स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटाचें द्रव्य दिवसा प्रकाश पितें व रात्रभर तो हळूहळू परत देतें. त्यांत कोणाच्या हाडांचा बळी नाहीं.

शिकविण्याची खोड जडलेली असूनही त्या दुकानदाराची चूक आम्हीं दुरुस्त केली नाहीं. मात्र दुसऱ्या दिवशीं वर्गांत धडा बाजूस ठेवून विद्यार्थ्यांस ग्रेस फ्रायरचें नांव सांगितलें. तें त्यांतील एकानेंही पूर्वीं ऐकलेलें नव्हतें.