सावरलेल्याची साक्ष

व्यसनातून सुटलेल्या मनुष्याने चारचौघांत उभे राहून आपली कहाणी सांगावी आणि ती ऐकून तरुणांनी वेळीच सावध व्हावे, ही कल्पना आज इतकी रूढ झाली आहे की, तिलाही एक इतिहास आहे हे आपल्या ध्यानात राहत नाही. सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या एखाद्या विद्यालयात व्यसनविरोधी कार्यक्रम करावयाचा म्हटले, तरी कोणीतरी हेच सुचवील : ‘सुटलेला माणूस बोलवा, त्याच्याच तोंडून मुलांना ऐकू द्या.’ सूचना सद्हेतूची खरी; परंतु ती कितपत फलदायी ठरते, हे जाणण्यासाठी थोडे मागे वळून पाहिले पाहिजे.

१८४० साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात सहा मद्यपी मित्रांनी दारू सोडण्याची शपथ घेतली आणि ‘वॉशिंग्टन’ या नावाने मंडळ स्थापन केले. त्यांच्या सभांतून धर्मोपदेशकाऐवजी कालपरवापर्यंत गटारात लोळणारा मनुष्य बोलू लागला. हा प्रकार अपूर्व होता, आणि अल्पावधीतच त्या चळवळीला लक्षावधी अनुयायी मिळाले. १८४२ साली तरुण वकील अब्राहम लिंकन यांनीही मंडळाच्या सभेत भाषण करून, मद्यपीची निर्भर्त्सना करण्यापेक्षा त्याला स्नेहाने वळवावे, असे प्रतिपादन केले. पण पाच-सात वर्षांतच चळवळीचा पूर ओसरला. जॉन गफ नावाचा तिचा एक नामांकित वक्ता १८४५ साली न्यूयॉर्कमध्ये पुन्हा प्यायलेला सापडला आणि वृत्तपत्रांनी एकच गिल्ला केला. गफ पुढे सावरला आणि त्याने आयुष्यभर व्याख्याने दिली. परंतु ज्यांनी एका माणसावर सारी श्रद्धा ठेवलेली असते, त्यांची ती त्याच्याबरोबरच कोसळते, हा धडा मात्र मागे राहिला.

तो धडा पुढच्या पिढीने गिरवला. १९३५ साली अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा दलाल आणि बॉब स्मिथ हा शस्त्रवैद्य भेटले. दोघेही दारूने पोखरलेले. विल्सनला पिण्याची अनावर इच्छा झाली होती, आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या पीडिताशी बोलल्याने ती आवरते, असा त्याचा अनुभव होता. त्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. येथे कहाणी सांगायची ती समदुःख्याला. आणि तिचा पहिला लाभ सांगणाऱ्यालाच. सार्वजनिक ठिकाणी नाव सांगायचे नाही, हा दंडक त्यांनी कटाक्षाने पाळला.

महाराष्ट्राने तरुणांना दारूचे भय दाखवले ते प्रथम नाटकातून आणि कीर्तनातून. गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ने सुधाकराचा विनाश घरोघर पोहोचवला. पण त्यात परतीची वाट नव्हती. ज्यांचे वडीलच दारूपायी गेले होते ते गाडगे महाराज कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून काढीत.

परतीची वाट दाखवणारी संस्था पुण्यात उभी राहिली ती १९८६ साली. गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांविषयी अनिल अवचट यांनी लिहिलेले लेख वाचून पु. ल. देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले, आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांच्या नेतृत्वाखाली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. येथे बरे झालेले रुग्ण पुढे कार्यकर्ते होऊन नव्या रुग्णांना धीर देऊ लागले. ‘मीही येथेच, अशाच अवस्थेत आलो होतो,’ असे सांगणारा मनुष्य समोर असणे, याचे मोल त्या रुग्णालाच ठाऊक!

श्रोतेहो, आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रुग्णाला जे औषध, तेच निरोगी मुलाला लस म्हणून चालेल काय? संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रतिबंधविषयक मानकांत, पूर्वाश्रमीच्या व्यसनी व्यक्तींची कथने हा शाळेतील निष्फळ, प्रसंगी अपायकारक ठरणाऱ्या पद्धतींत गणला आहे. केवळ भय घालणेही त्यातच येते. कारण शोधणे कठीण नाही. पंधरा वर्षांचा मुलगा त्या कहाणीतून आपल्याला हवे तेच उचलतो : हा बुडाला, पण तरला; आणि आज त्याच्यासाठी टाळ्या वाजताहेत. याउलट, नकार कसा द्यावा, मित्रांच्या आग्रहाला कसे तोंड द्यावे, याचा शिक्षकांनी अनेक तासिकांतून, प्रश्नोत्तरांनी करून घेतलेला सराव अधिक उपयोगी ठरलेला आहे. गाडगे महाराजांची प्रश्नोत्तरांची रीत येथे सहज आठवते.

सत्तरीत तर अधिकच जपले पाहिजे. ज्या घरी उन्हाळ्यात काजूच्या बोंडांचा रस काढतात, भट्टी लावतात, हुर्राक गाळतात, त्या घरच्या मुलाला ‘दारू म्हणजे केवळ विष’ म्हटले, तर शाळा आपल्या घरच्या उपजीविकेला शिव्या देते, एवढेच तो समजेल. शेजारच्या बाकावरच्या मुलीचा बाप रोज पिऊन येत असेल, तर ती कहाणी ऐकताना मान खाली घालील. आणि सांगणारा गावातलाच असेल, तर कदाचित त्याचा मुलगाही त्याच वर्गात बसलेला असेल. नाव न सांगण्याच्या दंडकाचा अर्थ लहान गावातच पुरता उमगतो.

म्हणून सावरलेल्या मनुष्याला बोलवावे ते प्रथम पालकांच्या सभेत आणि शिक्षकांच्या बैठकीत. आणि ज्या घरात आग लागली आहे तेथे तर अवश्य. मुलांपुढे तो आलाच, तर शिक्षकांचा पाठ झाल्यावर यावा; नशेचे वर्णन टाळून, मदत कोणाकडे मागितली आणि ती कशी मिळाली, एवढे सांगावे, आणि उरलेला वेळ मुलांच्या प्रश्नांना द्यावा. त्या मान खाली घातलेल्या मुलीला आपल्या बापासाठी कोठे जावे हे त्या दिवशी कळले, तर कार्यक्रम सार्थकी लागला असे म्हणता येईल.