लातूर पॅटर्नच्या पलीकडे: डॉ. कमल रणदिवे आणि कर्करोगाच्या संशोधनाची गोष्ट

इथं नांदेडचे आणि लातूरहून आलेले बरेच विद्यार्थी बसलेत, त्यांचे आईवडीलही आहेत. आपल्या भागात हुशार पोरगा किंवा पोरगी दिसली की एकच प्रश्न विचारला जातो: ‘नीटची तयारी कुठं चालू आहे?’ लातूर पॅटर्ननं आपल्याला डॉक्टर दिले, ती मोठीच गोष्ट आहे. पण डॉक्टर जे औषध लिहून देतो, ते औषध शोधायचं काम कोण करतं? तो माणूस चाळीस वर्षं नेमकं काय करत असतो? आज त्या कामाचा इतिहास बघूया.

सुरुवात करूया प्रोस्टेटच्या कर्करोगापासून. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाच्या खाली असणारी छोटी ग्रंथी. म्हातारपणी लघवीला त्रास व्हायला लागला की आपल्याकडं ‘वयाचंच आहे’ म्हणून आजोबा गप्प बसतात. पुष्कळदा ती वाढ साधीच असते, पण कधीकधी तो कर्करोग असतो आणि कळेपर्यंत हाडांत गेलेला असतो.

१९४१ सालापर्यंत अशा पसरलेल्या रोगावर फारसा उपाय नव्हता. त्या वर्षी शिकागो विद्यापीठातले सर्जन चार्ल्स हगिन्स यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर एक गोष्ट दाखवली. ते आधी कर्करोगाच्या मागे लागलेच नव्हते. निरोगी प्रोस्टेट काम कसं करते, हे ते कुत्र्यांवर अभ्यासत होते. त्यांच्या लक्षात आलं की वृषणातून येणारं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, थांबवलं की ग्रंथी आक्रसते. मग ग्रंथीतून निघालेला कर्करोगसुद्धा त्याच हार्मोनवर पोसला जात असेल का? त्यांनी रुग्णांची वृषणं काढली, काहींना स्त्री-संप्रेरक दिलं. वेदनेनं अंथरुणाला खिळलेल्या कित्येकांना आराम पडला. रक्तातल्या एका एन्झाइमचं प्रमाण मोजून हा फरक आकड्यांतही दाखवता आला. पुढं बऱ्याच रुग्णांत रोग पुन्हा डोकं वर काढायचा, हेही खरं. आज शस्त्रक्रियेऐवजी इंजेक्शनं आणि गोळ्या आल्यात, पण विचार तोच आहे: कर्करोगाचं खाद्य तोडा.

आता शिकागोहून आपल्याकडं येऊ. त्याच १९४१ च्या फेब्रुवारीत मुंबईला परळमध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर. कर्करोग आणि माणसाच्या सवयी यांचा संबंध त्यांनी शोधला. धोतर वर्षानुवर्षं कमरेला घट्ट बांधल्यानं त्या जागी होणाऱ्या कातडीच्या कर्करोगाला त्यांनी ‘धोती कॅन्सर’ असं नाव दिलं. आपल्या पणजोबांच्या कमरेवरच्या काळ्या वळाकडं शास्त्रज्ञ म्हणून बघणारा हा माणूस. त्यांच्या हाताखाली एक तरुण बाई आल्या, त्या कमल रणदिवे.

कमलताई मूळच्या पुण्याच्या समर्थ. जन्म ८ नोव्हेंबर १९१७. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी वडिलांची इच्छा होती. म्हणजे बघा, हा पॅटर्न काही लातूरनं सुरू केलेला नाही! मुलीनं दोन्ही ऐकलं नाही. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन पदवी केली, १९३९ ला गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न केलं आणि एम.एस्सी.साठी विषय घेतला सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांचा. आपल्या बालाघाटाच्या डोंगरात मिळतं तेच सीताफळ.

झाडाच्या पेशींकडं बघायला शिकलेली नजर कर्करोगाच्या पेशींकडं वळली. मुंबईत टाटा हॉस्पिटलमध्ये काम करत १९४९ ला त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. विषय होता स्तनाचा कर्करोग. स्तन आणि प्रोस्टेट दोन्ही हार्मोनच्या हुकमावर चालणारे अवयव आहेत. उंदरांच्या काही वाणांत जवळजवळ प्रत्येक मादीला गाठ होते, काहींत क्वचितच. असं का? रक्तातून वारसा येतो म्हणून, आईच्या दुधातून विषाणू येतो म्हणून, की हार्मोनमुळं? कमलताईंचं उत्तर साधारण असं की ही कारणं सुटी सुटी नाहीत, ती एकमेकांच्या हातात हात घालून काम करतात. आज हे सोपं वाटतं. त्या काळी असं म्हणण्यासाठी पिढ्यान् पिढ्या उंदीर पाळून, दर गाठीची नोंद ठेवून वाट बघावी लागायची.

पुढं त्या फेलोशिपवर अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या, टिश्यू कल्चर शिकायला. टिश्यू कल्चर आपल्याला केळीमुळं माहीत आहे. अर्धापूरचा शेतकरी रोपं आणतो ती त्याच पद्धतीची. इथं रोपाऐवजी माणसाच्या किंवा प्राण्याच्या पेशी काचेच्या भांड्यात जगवायच्या. त्या परत आल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात, जे १९५२ ला सुरू झालं होतं, त्यांनी टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. देशातल्या अशा पहिल्या प्रयोगशाळांपैकी ती एक. १९६६ ला, हगिन्स यांना नोबेल मिळालं त्याच वर्षी, कमलताई त्या केंद्राच्या प्रभारी संचालक झाल्या आणि १९७० पर्यंत त्यांनी ती जबाबदारी सांभाळली.

आता एक धागा थेट मराठवाड्यात येतो. १९५१ साली गाय यांच्याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईंच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी जगल्या. त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं. त्याच ‘हीला’ पेशींत पुढं हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाला एचपीव्ही विषाणूचा एक प्रकार सापडला. गर्भाशयमुखाचा कर्करोग त्या विषाणूमुळं होतो, हे त्यातून पक्कं झालं. मग प्रश्न आला की खेड्यातल्या बायकांची एकदाच विषाणूची तपासणी केली तर जीव वाचतील का? हे तपासलं गेलं आपल्या शेजारी, तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलातून, टाटा मेमोरियलच्या मदतीनं, १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका या अभ्यासात होत्या. २००९ साली निकाल आला: विषाणूची तपासणी झालेल्या गटात या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी मिळाली नाही, यावर टीका झाली आणि ती रास्त आहे. पण जगभर ज्याचा दाखला देतात, ते ज्ञान आपल्या वाडीतांड्यांवरच्या बायकांनी दिलंय, हे आपल्याच पोरांना ठाऊक नसतं.

कमलताईंनी १९७३ ला अकरा सहकाऱ्यांबरोबर भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. १९८२ ला पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यात राजूरला आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करायला गेल्या. २००१ ला त्या गेल्या.

पालकांना एवढंच सांगतो. डॉक्टर समोरच्या एका रोग्याला बरं करतो, त्याचं मोल आहेच. संशोधकाला मात्र आपल्या कामानं कोण वाचलं, त्याचं तोंडही दिसत नाही. कुत्र्यांची ग्रंथी बघत बसलेल्या हगिन्सना किंवा उंदरांच्या नोंदी ठेवणाऱ्या कमलताईंना लोकांनी त्या वेळी ‘याचा उपयोग काय’ असं विचारलं असतं, तर त्यांच्याकडं लगेच द्यायला उत्तर नसतं. तेव्हा नीटमध्ये दहा गुण कमी पडले म्हणून जी मुलगी बी.एस्सी.ला आली, तिला ‘राहिली’ असं म्हणू नका. प्रयोगशाळेत तिची जागा आहे, आणि तिथं कामाची माणसं नेहमीच कमी असतात.

इथंच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.