द्रॅक्मा, ग्रेन आणि तोळा : प्रस्तावना

पश्चिम भारतातल्या प्राचीन नाण्यांवरचे जुने ग्रंथ उघडावेत तर वजने ग्रेनमध्ये. ग्रीक साधने द्रॅक्म्यांत बोलतात, आपले शिलालेख कार्षापणांत, आणि घरातले सोने आजही तोळ्यांत. या साऱ्यांचा मेळ कसा घालायचा, ते हे पुस्तक शिकवते. अंधेरी-मुलुंडकडचा, नोकरी सांभाळून रविवारी नाणी अभ्यासणारा वाचक माझ्यासमोर आहे. त्याला शाळेतले गणित पुरेल.

ब्रिटिश बाजू सोपी आहे. ट्रॉय पौंड ५,७६० ग्रेनांचा, व्यापारी पौंड ७,००० ग्रेनांचा. पण ग्रेन दोन्हीकडे एकच, सुमारे ६४.८ मिलिग्रॅमचा. १८३३ मध्ये कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनांचा ठरवला, त्यामुळे तोही याच साखळीत आला. औंसाच्या वाटेला जाऊ नये. औंस दोन आहेत आणि घोटाळे तिथेच होतात.

ग्रीक बाजूला मात्र थांबून विचार हवा. सहा ओबोलांचा द्रॅक्मा, शंभर द्रॅक्म्यांची मिना, साठ मिनांचे टॅलेंट ही उतरंड ठरलेली. द्रॅक्मा मात्र ठिकाणागणिक वेगळा. अथेन्सचा सुमारे ६६-६७ ग्रेनांचा, एजिनाचा त्याहून बराच जड. भारतातल्या ग्रीक राजांनी तो सुमारे ३८ ग्रेनांवर आणला. अपोलोडोटस आणि मिनँडर यांचे जुने द्रॅक्मे भडोचच्या बाजारात चालत असल्याचे ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी प्रवासग्रंथाचा कर्ता नोंदवतो.

पश्चिम भारतातला क्षत्रप राजा नहपान याची चांदीची नाणी याच परंपरेतली. त्यांवर ग्रीक अक्षरेही आहेत. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला अशी तेरा हजारांवर नाणी सापडली. एकेक साधारण ३० ते ३६ ग्रेनांचे. अथेन्सचे माप लावले तर हे अर्धे द्रॅक्मे ठरतात, इथल्या ग्रीकांचे लावले तर थोडे हलके पण पूर्ण द्रॅक्मे. कुणाचा द्रॅक्मा आणि कोणत्या काळातला, हे ठरल्याखेरीज गुणाकाराला हात घालू नये.

यापुढचे कोडे मला सर्वांत प्रिय आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, नहपानाचा जावई उषवदात याने हिशेबच कोरून ठेवला आहे : ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, दर ३५ कार्षापणांना एक. कार्षापण म्हणजे नहपानाचे ३४ ग्रेनांचे नाणे धरले तर पस्तिसांची चांदी १,१९० ग्रेन भरते. समोरचा सुवर्ण शास्त्रातला ऐंशी रत्तींचा, म्हणजे गुंजांचा, मानला तर सोने चांदीच्या सुमारे आठपट महाग. कुषाणांचे सोन्याचे नाणे मानले तर जवळपास दहापट. विद्वानांचा वाद इथेच आहे, आणि ग्रेनांतल्या वजनांखेरीज तो नीट मांडताही येत नाही.

बोरिवलीकरांना तर साधने दाराशी आहेत. कान्हेरीच्या लेखांत कार्षापणांच्या कायम ठेवी येतात, मागाठाण्याच्या शेताचे दान येते. पहिले प्रकरण तिथूनच सुरू केले आहे. सोबत ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा ठेवावा, आणि नाण्याला भोक पडलेले किंवा कड घासलेली असेल तर वजनाशेजारी तशी नोंद करावी.