बंडीची छकडी कशी झाली

श्रोतेहो, गाडी जोरात पळवायची तर काय करावे लागते? याला दोनच उत्तरे आहेत. एक, ओढणाऱ्याचे बळ वाढवावे. दुसरे, ओढायचे ओझे कमी करावे. अमेरिकेतल्या मोटार कारागिरांनी ही दोन्ही उत्तरे साठ वर्षांपूर्वी करून पाहिली आणि त्यांचे नाव जगभर झाले. आपल्या वऱ्हाड-नागपूरकडच्या सुतार-लोहारांनी तीच दोन्ही उत्तरे त्याच्याही आधी बैलगाडीवर करून पाहिली होती. त्यांचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. म्हणून आज ती गोष्ट सांगायची आहे.

आधी अमेरिकेतली गोष्ट थोडक्यात ऐका. १९६४ साली पाँटिअ‍ॅक कंपनीने मधल्या आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे ६.४ लिटरचे इंजिन बसवले. तिचे नाव जीटीओ. अशा गाड्यांना पुढे तिकडे ‘मसल कार’ म्हणू लागले. मसल म्हणजे स्नायू, तेव्हा दंडाच्या बळाची गाडी म्हणा ना! त्याच वर्षी फोर्ड कंपनीची मस्टँग बाजारात आली. मस्टँग म्हणजे तिकडच्या माळरानावरचा मोकाट घोडा. कॅरोल शेल्बी नावाच्या शर्यतवाल्या गृहस्थाने १९६५ साली ही मस्टँग आपल्या कारखान्यात घेतली. इंजिनाची २७१ अश्वशक्ती त्याने ३०६ वर नेली. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. मागची बैठक त्याने काढून टाकली, आणि पुढचे लोखंडी झाकण काढून तिथे फायबरग्लासचे हलके झाकण बसवले. सलग कामात आपला एक बैल साधारण अर्धी अश्वशक्ती देतो. त्या हिशेबाने या गाडीला सहाशेहून जास्त बैल जुंपल्यासारखे झाले. एवढे बळ हाती असूनही शेल्बीला ओझे उतरवावेच लागले, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

आता आपल्याकडे येऊ. नागपूर-वर्धा रेल्वेच्या वाटेवर सिंदी लागते. दुसऱ्या सिंद्यांत घोटाळा होऊ नये म्हणून सारा मुलूख तिला सिंदी रेल्वे म्हणतो. गावाच्या नावालाच आगगाडी जोडलेली आहे, आणि आपल्या गोष्टीतही आगगाडीचा मोठा हात आहे.

आगगाडीपूर्वी या मुलखातला कापूस बैलांच्या पाठीवरून जात असे. बंजाऱ्यांचे तांडे गोण्या लादून शेकडो मैलांवरच्या गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत चालत. १८६७ साली लोहमार्ग नागपूरला पोहोचला आणि ही लांबची वाहतूक मोडली. कापूस आता जवळच्या ठेसनापर्यंत न्यायचा, एवढेच बैलाच्या वाट्याला राहिले. त्यासाठी हवी होती भक्कम, ओझ्याची गाडी, म्हणजे आपली बंडी.

बंडी ही काळ्या जमिनीची गाडी. पावसाळ्यात चिखल गुडघाभर, उन्हाळ्यात भेगा हातभर. म्हणून तिची चाके मोठी आणि जाड. चाकाच्या मधला तुंबा बाभळीचा, आरे आणि पाटे चिवट लाकडाचे, कण्याला धावडा, साट्याला साग. चाकावर लोखंडी धाव चढवायची म्हणजे अर्ध्या गावाचे काम. गोवऱ्यांच्या आगीत धाव लाल होईपर्यंत तापवायची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आवळते आणि सारे सांधे करकचून बसतात. अशी बंडी बापाने केली तर लेकाला पुरायची.

पण बंडीला एक धाकटी बहीण होती. तिला कुठे रेंगी म्हणत, कुठे छकडा. माणसांना झटपट नेणारी ही हलकी गाडी. पाटलाला कचेरीत जायचे, लेकीला माहेरी आणायचे, यात्रेला जायचे, तर रेंगी जुंपत. आगगाडी आणि पुढे मोटार आल्यावर रेंगीचे हे काम हळूहळू गेले. बंडीचे काम टिकले, कारण ठेसनापर्यंत माल नेणारे दुसरे कोणी नव्हते. रेंगीच्या वेगाला मात्र एकच जागा उरली, ती म्हणजे शंकरपट.

शंकरपट म्हणजे विदर्भातली बैलांची शर्यत. पिके निघाली, रान मोकळे झाले की पौष-माघाच्या सुमारास पट भरतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर फार नावाजलेला. तिथे बायाही कासरा हाती घेऊन छकडी हाकतात. पटावर गाडीवानाला धुरकरी म्हणतात. जोडी सुटते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निकाल लागतो.

या शर्यतीसाठी कारागिराने रेंगीचे काय केले, ते पाहा. साटा काढला, बाजूचे खुंट काढले. बसायला पाट उरला, पाय टेकायला आधार उरला. आरे बारीक झाले, पाटे पातळ झाले, धाव चपटी झाली. चाकाच्या कडेचे वजन का उतरवायचे, हे गुरुजींनी वर्गात जरूर सांगावे. साट्यावरचे शेरभर ओझे बैलाला नुसते पुढे न्यावे लागते. तेच ओझे चाकाच्या कडेवर असले तर ते पुढेही न्यायचे आणि गरगर फिरवायचेही. म्हणजे वेग घेताना कडेवरचा एक शेर जवळजवळ दोन शेरांसारखा जाचतो. आमच्या सुताराने गणित केले नाही, पण रंधा नेमका तिथेच चालवला.

दुसरे कसब तोलाचे. धुरकऱ्याची जागा आसाच्या फार मागे गेली तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलाचा गळा आवळतो. जागा फार पुढे आली तर सारा भार मानेवर पडतो. दोहोंच्या मधली बोटभर जागा सापडली की जू मानेवर नुसते टेकते आणि बैल मोकळा पळतो. अलीकडे काही छकड्यांना लोखंडी आस आणि बेअरिंगही दिसतात. पूर्वी वंगणावरच भागत असे.

हे झाले ओझे उतरवण्याचे. बळाचे काय? ते वर्धा जिल्ह्याच्या मातीतच होते. आर्वी, आष्टी, कारंजा या भागात गवळाऊ जातीची गुरे आहेत. गवळ्यांनी जोपासली म्हणून गवळाऊ. रंग पांढरा, बैलाच्या मानेवर नि वशिंडावर करडी झाक, अंग सडपातळ, डोके लांबट, चाल चपळ. मराठ्यांच्या फौजा गोंडवनाच्या डोंगरातून जात, तेव्हा त्यांचे सामान झपाट्याने नेण्यासाठी ही जात जोपासली गेली, असे परंपरेने सांगतात. १९४१ साली जमनालालजी बजाजांनी वर्ध्यात गोसेवा संघ स्थापला आणि इथल्या गाईकडे जाणत्या माणसांचे लक्ष पुन्हा वळले. कारंज्याजवळ हेटीकुंडीला सरकारी पैदास केंद्रही झाले. अमेरिकेत इंजिन कारखान्यात घडते. आपल्याकडे ते गोठ्यात घडत होते, आणि एक चांगली जोडी उभी राहायला माणसांच्या दोन-तीन पिढ्या लागत होत्या.

इथवर गोष्ट अभिमानाची आहे. पुढची जरा कडू आहे, पण तीही सांगितली पाहिजे.

गाडी हलकी करायला एक हद्द असते. सगळ्यांच्याच छकड्या हलक्या झाल्या, सगळ्यांच्याच जोड्या निवडक झाल्या, मग पुढे जायचे कसे? इथे काही जणांनी तिसरे उत्तर काढले, आणि ते वाईट निघाले. तुतारी, म्हणजे आर लावलेली काठी, बैलाच्या अंगात रुतू लागली. शेपटी पिरगाळणे, खिळे टोचणे, विजेचा झटका देणे, असे प्रकार निरनिराळ्या ठिकाणच्या शर्यतींतून पुढे आले. प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये असा कायदा देशात १९६० सालीच झाला होता. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने खेळ-तमाशात वापरण्यास बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्याची नाही, असे न्यायालयाने म्हटले.

पट बंद झाले तेव्हा गावोगाव हळहळ झाली. शेतकऱ्यांचे म्हणणे असे, की नांगराला ट्रॅक्टर आला, मालाला ट्रक आला, आता चपळ बैल कोणी कशासाठी पाळावा? पटच नसला तर जातिवंत जोडीला किंमत कोण देणार? हे म्हणणे खोटे नाही. महाराष्ट्राने २०१७ साली आपला दुरुस्ती कायदा केला. तोही न्यायालयात अडकला. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, जनावरांच्या डॉक्टरांची तपासणी हवी, धाव १००० मीटरच्या आत हवी, आणि बैलाला मारणे-टोचणे नाही. छळ केला तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

काही जणांना या अटी जाचक वाटतात. पण नीट पाहिले तर त्या आपल्या जुन्या सुताराच्याच बाजूच्या आहेत. तुतारी हातातून काढली की धुरकऱ्यापाशी काय उरते? हलके चाक, नेमका तोल आणि निगराणीतली जोडी. म्हणजे पहिली दोन उत्तरेच उरतात, आणि खरे कसब तिथेच लागते. अमेरिकेतही बेफाम बळाच्या गाड्यांना १९७० चा हवाशुद्धीचा कायदा आणि १९७३ ची तेलटंचाई आडवी आली. त्यानंतर तिकडच्या कारागिरांनाही इंजिनाचा हिशेब नव्याने मांडावा लागला.

आता गुरुजनांसाठी एक विनंती. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरे चाकांचे लाकडी नंदी ओढत मिरवतात, आणि काही नंदी तर माणसाहून उंच. नागपूरकडे ही चाल दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ साली सुरू केली असे सांगतात. त्या दिवशी शाळेत एक काम करून घ्या. एक नंदी पातळ चाकांवर, एक जाड चाकांवर ओढायला लावा आणि कोणता सहज निघतो ते मुलांनाच ठरवू द्या. मग त्यांना गावातल्या जुन्या सुताराकडे न्या. पडवीत मोडकी रेंगी असेल तर तिची चाके मोजा, आरे मोजा, आसापासून बसायच्या पाटाचे अंतर मोजा. तुंबा, पाटे, धाव, कणा, जू, शिवळ ही नावे सुताराच्या तोंडून ऐका आणि वहीत उतरवून घ्या. तुमच्या गावात निराळे नाव असेल तर तेही लिहा, आणि त्याखाली सांगणाऱ्या कारागिराचे नाव लिहायला विसरू नका.