मुक्काम वाढलेल्यांची संघटना

नाताळच्या सुट्टीत अमेरिकेतली विद्यापीठं ओस पडतात. वसतिगृहात उरतात ते मुख्यतः समुद्रापार घर असलेले. 1 जानेवारी 1963 रोजी इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन कॅम्पसवर मुस्लिम स्टुडंट्स असोसिएशन, म्हणजे एमएसए, स्थापन झाली ती अशाच सुट्टीत. ठिकठिकाणच्या विद्यापीठांत मुस्लिम विद्यार्थ्यांची लहान लहान मंडळं आधीपासून होती; त्यांना एका छत्राखाली आणायचं ठरलं. पुढाकार घेणाऱ्यांत इराकहून आलेले अहमद तोतोंजी होते. बाकीचेही बहुतेक परदेशांतून शिकायला आलेले. पदवी घ्यायची, मायदेशी परतायचं, तिथलं काहीतरी सुधारायचं, असा अनेकांचा हिशेब.

सुरुवातीच्या पुढाऱ्यांपैकी काहींवर इजिप्तच्या मुस्लिम ब्रदरहुडचा आणि मौलाना मौदूदींच्या जमात-ए-इस्लामीचा प्रभाव होता. तो लपवण्यात अर्थ नाही. पण सगळी कथा त्यातच शोधणं मला आळशीपणाचं वाटतं. मंडळाचं रोजचं काम फार साधं होतं. शुक्रवारी दुपारची नमाज एकत्र जमूनच पढायची असते, आणि शुक्रवार तर तिथे कामाचा दिवस. मग विद्यापीठाकडून एखादी खोली मागायची, खुर्च्या बाजूला सारायच्या, चादरी अंथरायच्या, खुतबा, म्हणजे प्रवचन, द्यायला आपल्यातलाच कुणी उभा करायचा. रसायनशास्त्रात पीएचडी करणारा शुक्रवारपुरता इमाम! ईदची तारीख, हलाल मांस, कुणाचा मृत्यू झाला तर दफन, सगळं मंडळाच्याच गळ्यात.

मग 1965 साली अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलला. देशांनुसार ठरवलेले जुने कोटे गेले आणि शिकलेल्या आशियाई माणसांना तिथे राहण्याची वाट खुली झाली. (तिथल्या महाराष्ट्र मंडळांची भरभराटही त्याच वाटेनं झाली.) परतणारे परतले नाहीत. लग्नं झाली, मुलं झाली, आणि विद्यार्थ्यांच्या मंडळाकडे मशिदी, शाळा, जागेची खरेदी अशी प्रौढांची कामं आली. मालमत्ता सांभाळायला 1973 मध्ये स्वतंत्र ट्रस्ट काढावा लागला. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्यांसाठी ‘इस्ना’ ही वेगळी संस्था उभी राहिली. म्हणजे इथे पोरांच्या संघटनेतून थोरांची संघटना निघाली. सहसा उलटं होतं.

कॅम्पसवर आता तिथेच जन्मलेली पोरं होती, आणि त्यांच्या मागण्या विद्यापीठाच्या कारभारात शिरल्या. 1999 मध्ये जॉर्जटाउन या कॅथलिक विद्यापीठानं पूर्णवेळ मुस्लिम धर्मगुरू नेमला. 2007 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डिअरबॉर्न कॅम्पसवर वाद झाला तो पाय धुण्याच्या नळांवरून. वजूसाठी, म्हणजे नमाजाआधीच्या शुद्धीसाठी, विद्यार्थी बेसिनमध्ये पाय धुवत; फरशी ओली होई, घसरण्याची भीती. 25,000 डॉलर खर्चून खालच्या पातळीवर नळ बसवायचं ठरलं आणि धर्म नि राज्यसंस्था यांच्या संबंधांवर देशभर चर्चा पेटली. प्लंबिंगच्या कामाला एवढी तात्त्विक उंची क्वचितच मिळाली असेल.

त्याआधी, 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर आलेल्या रमजानात टेनेसीतल्या नॉक्सव्हिलच्या एमएसएनं एक युक्ती काढली. मुस्लिमेतर विद्यार्थ्यांनी एक दिवस रोजा धरायचा, त्यांच्या नावानं स्थानिक दुकानदारांनी गरिबांच्या अन्नासाठी पैसे द्यायचे आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून इफ्तार करायचा. ‘फास्टाथॉन’ नावाची ही प्रथा पुढे अनेक कॅम्पसवर पोहोचली.

त्याच काळात न्यूयॉर्कचे पोलीसही या मंडळांकडे बघत होते. असोसिएटेड प्रेसनं 2011 पासून ही पाळत उघड केली. विद्यार्थ्यांच्या एका राफ्टिंग सहलीत छुपा पोलीस सामील झाला होता आणि मुलं दिवसातून किमान चार वेळा नमाज पढतात, अशी त्यानं नोंद केली होती. नदीवर मजा करायला गेलेल्यांबद्दल सरकारी दप्तरात एवढं जमा झालं.

या पाळतीविरुद्ध 2012 मध्ये न्यू जर्सीतल्या मुस्लिमांनी न्यूयॉर्क शहरावर खटला भरला. वादींमध्ये एमएसएही होती. खालच्या न्यायालयानं 2014 साली तो फेटाळला, पुढच्या वर्षी अपील न्यायालयानं परत उभा केला आणि 2018 मध्ये तडजोड झाली. केवळ धर्म पाहून पाळत ठेवणार नाही, असं शहरानं मान्य केलं. पोलिसांच्या नव्या धोरण-पुस्तिकेवर आपलं म्हणणं मांडण्याचा हक्कही वादींना मिळाला.