पदवी इथली, सनद तिथली

विद्येला देश नसतो, असे आपण मुलांना शिकवतो. ते खोटे नाही. पण सनदेला मात्र देश असतो, हे शिकवायचे राहून जाते. आमच्या नगर जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातून, डॉक्टर होऊन परदेशी गेलेली मुले पत्रांतून हेच कळवतात : "गुरुजी, रोगी तेच, रोग तेच, पण परीक्षा पुन्हा पहिल्यापासून!" घरची माणसे हळहळतात. त्यांच्यासाठी ही जुनी हकीकत.

१८५८ साली इंग्लंडात कायदा झाला आणि डॉक्टरांची एक सरकारी नोंदवही सुरू झाली. तीत परदेशी पदवीला जागा नव्हती. एडिथ पीची या बाईंनी एडिंबरा येथे शिकायला सुरुवात केली. रसायनशास्त्रात उत्तम गुण मिळवूनही १८७० साली स्त्री म्हणून त्यांची शिष्यवृत्ती हुकली, आणि पुढे पदवीही. त्यांनी १८७७ साली स्वित्झर्लंडात बर्न येथे एम.डी. मिळवली. पण ती इंग्लंडात चालेना! मग डब्लिनच्या वैद्यसंस्थेची परीक्षा देऊन त्यांनी सनद घेतली. याच पीचीबाई १८८३ साली मुंबईस आल्या आणि कामा इस्पितळात नावारूपास आल्या.

आनंदीबाई जोशी यांची गोष्ट घरोघर ठाऊक आहे. तिच्यात आमच्या नगरचाही एक धागा आहे. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी ज्यांना पत्र लिहिले, ते वाइल्डरसाहेब कोल्हापूरला जाण्यापूर्वी नगरच्या अमेरिकन मिशनात होते. ते पत्र अमेरिकेत छापले गेले, कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले आणि १८८६ साली आनंदीबाई फिलाडेल्फियाहून एम.डी. होऊन परतल्या. कोल्हापूर दरबाराने त्यांना इस्पितळात नेमले. लंडनच्या नोंदवहीने मात्र तीच पदवी नाकारली असती. नेमणूक झाली, पण आयुष्य पुरले नाही. १८८७ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या.

रखमाबाईंनी हा धडा पुरता गिरवला. नवऱ्याशी झालेल्या गाजलेल्या खटल्यातून सुटल्यावर त्या पीचीबाईंच्या पाठबळावर १८८९ साली इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या. १८९४ साली त्यांनी ब्रुसेल्सची एम.डी. तर मिळवलीच, पण इंग्लंडात उपयोगी पडणारी सनद स्कॉटलंडच्या वैद्यसंस्थांकडून घेतली. मग सुरत आणि राजकोट येथे अनेक वर्षे त्यांनी बायाबापड्यांची सेवा केली.

पुढेही पारडे वरखाली होतच राहिले. १९३० साली ब्रिटिश वैद्यक परिषदेने हिंदी पदव्यांची मान्यता काढली. १९३३ साली आपल्याकडे स्वतंत्र परिषद कायद्याने स्थापन झाली. १९७५ साली इंग्लंडने पुन्हा मान्यता काढली. आणि आपणही कमी नाही! परदेशांत शिकून आलेल्या आपल्याच मुलांना २००२ पासून आपण येथे परीक्षेस बसवतो.

यात अन्याय आहे काय? माझ्यातला मास्तर म्हणतो, परीक्षा घ्यावीच. रोग्याच्या जिवाची हमी कुणीतरी द्यायलाच हवी. पण परीक्षा हे दार असावे, भिंत नसावी. पीचीबाईंपुढे आधी भिंत होती, मग दार आले. ज्या लेकीसुना, मुलगे आज परदेशी पुन्हा पुस्तक उघडून बसले आहेत, त्यांची पदवी हलकी ठरली असे समजू नका. पीचीबाई आणि रखमाबाई यांनाही त्याच दारातून जावे लागले होते. यंदाचा फराळ पाठवताना एवढी गोष्ट पत्रातून त्यांना जरूर कळवा.